तिसऱ्यांदा ‘या ना’

तेहरानच्या अमीरिया भागात सक्क्यांची, म्हणजे पाणक्यांची, गल्ली आहे. क्रांतीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्या गल्लीत एक कुजबुज फिरत होती: मश्-यदुल्ला पिंजाऱ्याच्या रजयांत कापूस नसतो, डॉलर असतात.

या कुजबुजीचा बाप कोण, ते गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. पण नाव घ्यायची सोय नव्हती, कारण बापाच्या खांद्याला बंदूक होती. जन्म दिला त्यानं, आणि अंगाखांद्यावर खेळवून वाढवलं ते हमामातल्या बायकांनी.

“डॉलरच काय, अमेरिकेचा पासपोर्टही शिवलाय म्हणे उशीत!”

“तरीच त्याची बायको, मेली इफ्फत, रोज उठून उशा उन्हात घालते!”

उशा सगळ्याच जणी उन्हात घालत. पण कुजबुज एकदा चालायला लागली की तिच्यापुढे ऊन आणि उशी कोण विचारतो?

हा यदुल्ला म्हणजे मूठभर माणूस; यात्रा करून आलेला म्हणून नावाआधी ‘मश्’. पिंजण खांद्यावर टाकलं की माणसानं पिंजण उचललंय की पिंजणानं माणूस, ते लांबून कळत नसे. कोणाच्या अंगणात बसून त्यानं तात छेडली, की ‘पांय् पांय्’ असा आवाज चार घरं जाई आणि बायका म्हणत, आला गोडबोल्या. कारण हाताइतकीच त्याची जीभ चाले, आणि तीही पाकात बुडवून काढलेली. गाद्या उसवून, कापूस पिंजून, पुन्हा शिवून झाल्या की मालकीण विचारी, “किती द्यायचे, मश्-यदुल्ला?”

“राहू द्या हो खानम! तुमच्याकडून काय घ्यायचं?”

“असं कसं? सांगा ना.”

“छे छे, ही आपल्याच घरची गादी.”

“तुम्हाला माझी शपथ!”

मग तो आकडा सांगे, आणि तो ऐकून मालकिणीचे डोळे पांढरे होत. घरावरून कोणी नुसतं चाललं तरी याचं सुरू: “या ना! घर तुमचंच आहे! तुमचं पाऊल माझ्या डोळ्यांवर!” चालणारा दोनदा नको म्हणे, यदुल्ला तीनदा या म्हणे. तिसऱ्यांदा म्हटलं तर ते खरं. त्याआधीचं सगळं नुसतं हवामान.

या बोलीचं मोल त्याच्या लेकाला कळलं ते परदेशात. कामबीज एकुलता एक. शहाच्या अमदानीत घरटी एक पोरगं अमेरिकेला जायचं, तसा हाही गेला, टल्सा नावाच्या गावी, इंजिनिअर व्हायला. पहिल्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाच्या वाण्याकडे त्याचा फोन आला.

“बाबा, मी उपाशी मरतोय.”

“का रे बाळा? अन्न मिळत नाही?”

“मिळतं की! पण ही माणसं एकदाच विचारतात! ‘जेवणार?’ म्हणाली, मी ‘नको’ म्हणालो, तर बाईनं ताट उचललं आणि आत नेलं!”

यदुल्लानं रिसिव्हर हातात धरून वाण्याकडे, मग इफ्फतकडे पाहिलं. “एकदाच?” तो म्हणाला. “मग या लोकांची पोटं भरतात तरी कशी?”

पोरगं शिकून परत येईल, त्याचं लग्न होईल, म्हणून यदुल्लानं एक रजई शिवायला घेतली होती. डाळिंबी साटीन, आत यज्दचा कापूस, आणि टाका इतका बारीक की इफ्फत म्हणे, “कामबीजला नातू होईस्तोवर व्हायची नाही ही.” गिऱ्हाइकांचं काम संपलं की तो त्या रजईवर चार टाके घाली. एवढी एक गोष्ट त्याला हवी होती जगाकडून: पोरगं घरी यावं आणि त्या रजईखाली झोपावं. बाकी सगळ्यांना तो जे जे देत होता, ते तोंडानंच.

तोंडानं देता देता एकदा फसला. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा ऑर्विल नावाचा एक अमेरिकन होता, ताडमाड, लाल मानेचा, आणि लहान पोरासारखा हसणारा. त्याला थंडीसाठी रजई हवी होती. यदुल्लानं शिवून दिली आणि सवयीनं म्हणाला, “राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचं?” ऑर्विलचे डोळे भरून आले. त्यानं यदुल्लाला मिठी मारली, रजई काखोटीला मारली आणि तो निघून गेला.

यदुल्ला अंगणात तसाच उभा. हातात सुई, तोंड उघडं. त्या दिवशी आख्ख्या बाजाराला त्यानं हे ऐकवलं, आणि बाजार पोट धरून हसला. दोन दिवसांनी ऑर्विल धापा टाकत हजर. त्याच्या ड्रायव्हरनं त्याला शहाणं केलं होतं. पैसे पुढे करून म्हणाला, “मश्-यदुल्ला, मी गाढव आहे. मला शिकवा.”

मग यदुल्लानं चहाचे तीन पेले मांडून त्याला धडा दिला. पहिल्यांदा विचारलं तर नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तरच घ्यायचं. “आणि आता शिकलाच आहात तर हे घर तुमचं,” तो शेवटी म्हणाला. ऑर्विल लगेच म्हणाला, “नको, नको!” यदुल्लाला शिष्याचा असा काही अभिमान वाटला की विचारू नका.

मग क्रांती झाली.

झाली म्हणजे अशी, की यदुल्लासारख्या माणसाची वाचाच बसावी. जो शहा पुतळ्यांतून, नोटांवरून आणि शाळेच्या पुस्तकांतून कधी हलला नव्हता, तो विमानात बसून गेला. पुतळे दोर लावून पाडले. त्यांचे पाय तेवढे चौथऱ्यावर राहिले. कोपऱ्यावरच्या हाशम भाजीवाल्यानं सलगमांच्या टोपलीवर वर्षानुवर्षं शहाची तसबीर लावली होती, रोज फडक्यानं पुसायचा. एका सकाळी तिथं नव्या, दाढीवाल्या पुढाऱ्याची तसबीर. फ्रेम तीच, चांगली होती म्हणून. महिन्याभरात हाशम मोहल्ल्याच्या कमिटीचा म्होरक्या झाला आणि भाजी तोलायच्या हातात बंदूक आली.

“काल मेथी, आज गोळी,” इफ्फत म्हणाली. “तराजू तोच असेल, मापात मारणारा.”

यदुल्ला हसला नाही. सव्वीस वर्षांपूर्वीचा एक दिवस त्यानं पाहिला होता. सकाळी ज्या तोंडांतून ‘शहा मुर्दाबाद’ निघत होतं, दुपारी त्याच तोंडांतून ‘शहा झिंदाबाद’. मधल्या वेळात कोणीतरी परक्या नोटा वाटल्या होत्या. लोकांनी निवडलेलं सरकार संध्याकाळपर्यंत गेलं, शहा परत आला आणि पंचवीस वर्षं लोकांच्या छातीवर बसला. तेव्हापासून तिथल्या माणसाला साप चावला तर तो एकवेळ हसेल, पण ‘डॉलरवाला’ म्हटलं की त्याच्या हातापायातलं बळ जातं. डॉलरवाला म्हणजे घर विकणारा. आणि क्रांतीच्या साली अशा माणसाला गोळीआधी फार प्रश्न विचारत नसत.

शरदात एका दुपारी यदुल्ला डाळिंबी रजईला टाके घालत बसला होता. ट्रान्झिस्टरवर बातमी आली: पोरांनी अमेरिकेच्या वकिलातीच्या भिंती चढून आतली सगळी माणसं ताब्यात घेतली. सुई सरळ अंगठ्यात गेली. त्याला कळलंही नाही. साटीनवर ठिपका पडला तेव्हा इफ्फतनं पाहिलं.

“अहो, रक्त!”

“आता टल्सातल्या आपल्या पोराचं काय?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मावळतीच्या अजानच्या सुमाराला दाराची कडी वाजली. यदुल्लानं दार उघडलं. दारात ऑर्विल. दाढी वाढलेली, डोक्यावर लोकरी टोपी, काखेत तीच रजई. गल्लीच्या तोंडाशी मोर्चा चालला होता आणि ‘अमेरिका मुर्दाबाद’चा आवाज भिंतींवर आपटून येत होता.

यदुल्लाच्या मनात एकच वाक्य होतं: बाबा रे, जा इथून. तोंडातून आलं, “या ना! आत या ना!”

ऑर्विल आपल्या मोडक्या फारसीत म्हणाला, “नको, नको. तुम्हाला त्रास होते.”

झालं होतं. सुटला होता. फक्त ‘बरं’ म्हणून दार लोटायचं होतं. पण चाळीस वर्षं ज्या जिभेनं ‘बरं’ म्हटलं नव्हतं, ती काय त्या एका संध्याकाळी म्हणणार? पाहुणा नको म्हणाला की पुढचं वाक्य तिच्यावर आपोआप येई, उतारावरून कलिंगड यावं तसं. “छे छे, त्रास कसला? घर तुमचंच आहे!”

“नको, खरंच नको, मश्-यदुल्ला,” ऑर्विल मोठ्यानं म्हणाला. फारसी बोलताना त्याचा आवाज नेहमी चढे, आणि उच्चार तर असा की मोर्चातल्या बहिऱ्यालाही कळावं हा कुठला. समोरच्या माडीवर खिडकी करकरली.

“माझ्या पोराची शपथ!” तो किंचाळला. “आल्याशिवाय जाऊच देणार नाही!” आणि त्यानं त्या ताडमाड माणसाची बाही धरून त्याला आत ओढलं.

दार लागलं. आतून इफ्फत पीठ भरल्या हातांनी आली, पाहुण्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि जिथं होती तिथंच बसली.

“खानम, त्रासाबद्दल माफी,” ऑर्विल म्हणाला.

“त्रास कसला,” इफ्फतच्या तोंडून गेलं, आणि तिनं पिठाचाच हात तोंडावर मारून घेतला.

त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. घरात कोरसी मांडलेली: ठेंगणं मेज, खाली निखाऱ्यांची शेगडी, वर सगळ्यांचे पाय झाकेल एवढी रजई. ऑर्विल तिच्यात कमरेपर्यंत शिरून बसे आणि डाळिंबं सोली. बिचारा रोज सकाळी उठून म्हणे, “आता मी जाते.” आणि रोज सकाळी यदुल्ला म्हणे, “इतक्यात? अजून दोन दिवस राहा ना!” दोनदा नको, तिसऱ्यांदा हो. ऑर्विल पुन्हा कोरसीत. इफ्फत भांडी आपटी.

“अहो, तुमच्या जिभेला टाका घालू का? सुई इथंच आहे!”

“अगं, तो जातो म्हणाला. मग मी काय म्हणणार?”

“जा म्हणा!”

“पाहुण्याला?” यदुल्ला थक्क होऊन विचारी.

अशात एका सकाळी पुन्हा कडी वाजली. दारात हाशम, एकटा, खांद्याला बंदूक, नाक थंडीनं लाल.

“सलाम, मश्-यदुल्ला. मशिदीत पहाऱ्याची पोरं गारठतात. चार रजया मिळतील?”

“चार काय, चाळीस! माझी चामडी घ्या!” यदुल्लानं धडाधडा चार रजया आणून त्याच्या हातावर रचल्या. इथवर ठीक होतं. पण जीभ. “या ना, आत या, चहा घेऊन जा.”

आत इफ्फतनं डोळे मिटले. कोरसीच्या रजईतून ऑर्विलचे पाय एक हात बाहेर आलेले.

“नको, बूट चिखलाचे आहेत,” हाशम म्हणाला.

“छे छे, घर तुमचंच आहे!” हेही गेलं. यदुल्लाला स्वतःचाच आवाज दुरून, कोणा परक्याचा असावा तसा ऐकू येत होता.

“नको, नको. घाईत आहे,” हाशम म्हणाला, पण त्यानं रजया उंबऱ्यावर ठेवल्या, बंदूक भिंतीला टेकवली, आणि तो बुटाची नाडी सोडायला वाकला. इफ्फतच्या आशचा, डाळी-शेवयांच्या दाट कढणाचा, वास अंगणभर होता, आणि त्या आशसाठी मोहल्ल्यात कोण वाकलं नसतं? आता फक्त तिसऱ्यांदाचं ‘या’ यायचं होतं.

ते आलं नाही.

यदुल्लानं दात एकमेकांवर घट्ट दाबले होते. चेहरा जांभळा झाला. हाशम वाकलेलाच, नाडी बोटांत. वर पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं. गल्लीतून कोळसेवाल्याचं गाढव गेलं, त्याच्या घुंगरांचा आवाज पार वळणाच्या पलीकडे विरला, तरी यदुल्लाचं तोंड उघडेना. हाशम हळूहळू सरळ झाला. शहा गेला तेव्हाही त्याचा चेहरा इतका पडला नव्हता.

“घरात कोणी आजारी आहे का?” त्यानं विचारलं.

“न... नाही,” यदुल्ला म्हणाला.

हाशमनं नाडी बांधली, बंदूक उचलली, रजया घेतल्या. जाताना सलामही केला नाही.

“हो म्हणायचं ना!” इफ्फत आतून उसळली. “गोवर म्हणायचं, कांजिण्या म्हणायच्या! नको तिथं जीभ सरसर, आणि हवी तिथं दातखीळ!”

त्याच दुपारी ऑर्विल उठून म्हणाला, “आता मी जाते.” यदुल्लानं तोंड उघडलं. त्याच्याआधी इफ्फत म्हणाली, “खुदा हाफिज!” हे धड्यात नव्हतं. ऑर्विल क्षणभर गोंधळला, मग इतका मोकळा हसला की दोघांना वाटलं, याचं डोकं फिरलं.

इफ्फतचा भाऊ इबाद तुर्कस्तानच्या सीमेपर्यंत ट्रक चालवी. त्यानं ऑर्विलच्या जबड्याला दाढदुखीवाल्यासारखं फडकं बांधलं, म्हणजे कोणी बोलायला लावायला नको, आणि त्याला शेजारी बसवून नेलं. वाटेवर नाक्यानाक्याला इबादचं धाबं दणाणत होतं. सीमेवर ऑर्विलनं फडकं सोडलं, आपला अमेरिकेचा पासपोर्ट पुढे केला, आणि शिपायानं जांभई देत शिक्का मारला. लिफ्टवाल्याला अडवा असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. इबाद परत आला तो दोन दिवस नुसता भिंतीकडे बघत होता.

इकडे हाशमचा अपमान आंबत होता. ज्या घरानं कुत्र्यालाही तीनदा ‘या’ म्हटलं, त्यानं कमिटीच्या म्होरक्याला दोनदाच म्हणावं? आत काहीतरी आहे. नेमकं तेव्हाच अमेरिकेनं इराणचा पैसा आपल्या बँकांत कोंडून घातला, आणि जो तो डॉलरवर बोलू लागला. हाशमही बोलला, संगक रोट्यांच्या भट्टीपुढे, दोन रोट्यांच्या मधे. बाकीचं हमामानं केलं.

आठवड्याभरात तो चार माणसं घेऊन आला. या खेपेला त्यानं बूट काढले नाहीत. सुऱ्यांनी सगळ्या रजया फाडल्या: गिऱ्हाइकांच्या, कोरसीची, पाहुण्यांसाठी रचलेल्या. ऑर्विलनं मागे ठेवलेलीही. कापूस गुडघ्यापर्यंत आला, हवेत तरंगू लागला, त्यांच्या दाढ्यांना, बंदुकांना चिकटला. शेवटी डाळिंबी साटीनवर हात गेला.

“ती नको,” यदुल्ला म्हणाला. “ती पोराची.”

“कुठं असतो पोरगा?” हाशमनं विचारलं. त्याला ठाऊक होतं.

सुरी साटीनवरून गेली तेव्हा पाण्यासारखा बारीक आवाज झाला. आत यज्दचा कापूस होता. हाशम त्या पांढऱ्या ढिगाकडे आ वासून बघत राहिला. तेवढ्या सगळ्यातही त्याची एक नजर यदुल्लाच्या तोंडाकडे गेली, जुन्या सवयीनं. यदुल्ला काही म्हणाला नाही. एकदासुद्धा.

त्या दिवसापासून यदुल्ला कुणालाही एकदाच विचारी. “चहा घेणार?” “नको.” “बरं.” आणि तो पिंजायला लागे. गल्लीनं राजा गेलेला पाहिला होता, वकिलात पडलेली ऐकली होती. पण यदुल्ला ‘बरं’ म्हणाला हे कळल्यावर म्हाताऱ्या बायकांनी तोंडात बोटं घातली.

हिवाळा सरता सरता वाण्याकडे टल्साचा फोन आला. रिसिव्हर यदुल्लाच्या कानाशी, आणि इफ्फतचा कान रिसिव्हरच्या पाठीशी.

“बाबा, घरमालकिणीनं खोली सोडायला सांगितलीय. इथं सगळ्या इराणी पोरांना कागद घेऊन सरकारी कचेरीत उभं करतायत. पहिल्या दिवशी तर हीच घरमालकीण म्हणाली होती, हे घर आपलंच समज.”

“किती वेळा म्हणाली होती?”

“एकदाच.”

यदुल्लानं रिसिव्हर तोंडाजवळ आणला. मग म्हणाला, “घरी ये, बाळा.”

“नको बाबा. तुम्हाला कशाला त्रास? आधीच तिकडे...”

वाण्याच्या दुकानात पिस्त्यांच्या पोत्यावर मांजर झोपलं होतं. यदुल्ला त्या मांजराकडे बघत होता. इफ्फतनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. तिकडे कामबीज नुसता श्वास घेत होता. ऐकू येत होतं.

“बरं,” यदुल्ला म्हणाला.

आणखी थोडा वेळ तो श्वास ऐकू आला. मग लाईन तुटली. कामबीज परत आला नाही. त्यानं तिकडेच लग्न केलं, तिकडेच त्याला मुलं झाली. फार वर्षांनी, बाप गेल्यावर, तो आईला फोनवर म्हणाला, “मी दुसऱ्यांदाची वाट बघत होतो.”

गल्लीत मात्र गोष्ट वयाबरोबर गोरी होत गेली. डॉलरची जागा दयेनं घेतली. आता म्हणतात, मश्-यदुल्लानं जीव धोक्यात घालून एका अमेरिकनाला आसरा दिला, केवढं काळीज! हमामातल्या त्याच बायका सांगतात, आणि डोळे पुसतात.

रजयांत कापूस होता. डॉलर कधीच नव्हते. ऑर्विलनं इबादला ट्रकमध्ये सांगितलं, की तो त्या संध्याकाळी तुर्कस्तानच्या बसला निघाला होता आणि ओझं होतं म्हणून फक्त रजई परत द्यायला दाराशी थांबला होता. त्याला आत यायचं नव्हतं. यदुल्लालाही त्याला आत घ्यायचं नव्हतं.